न विचारता काढलेलं चित्र

मावशी पाहायला लागल्या की समोरची बाई आपोआप पदर सावरायची आणि पुरुष शर्टाचं बटण चाचपायचा. नजरेत वाईट काही नव्हतं, पण ती हलायचीच नाही. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या बसस्टँडसमोर, रसवंतीच्या शेजारी गोणपाट अंथरून त्या भाजी विकायच्या. गिऱ्हाईक वांगी निवडत असायचं आणि मावशी गिऱ्हाईक निरखत असायच्या. एकदा एका बाईनं चिडून विचारलं, माझ्या तोंडाला काही लागलंय का? मावशी शांतपणे म्हणाल्या, "नाही बाई. तुमी एकाच पायावर जोर देऊन उभ्या हा. दुसरा दुखते काय?" दुखत होता. त्या बाई मग अर्धा तास तिथंच बसून गुडघ्याची सगळी हकीकत सांगून गेल्या.

त्यांचं नाव कौसल्याबाई, पण स्टँडवरचे सगळेच त्यांना मावशी म्हणत. गावाच्या कडेला विहिरीवरचा लहानसा मळा होता. नवरा आणि मुलगा भाजी पिकवत, मावशी ती विकत. शिक्षण सातवीपर्यंतचं. गिऱ्हाईक नसलं की त्या जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करायच्या आणि साध्या बॉलपेननं माणसं काढायच्या. हे मला कळलं ते वजनाखाली दाबलेल्या एका पानामुळे. मी तेव्हा मालेगावजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते आणि वाशिमहून रोज येऊन-जाऊन करत होते. बसची वाट पाहता पाहता मेथी घ्यायला वाकले, तर त्या पानावर आमच्या भागातला लाइनमन उभा. चेहरा अगदी जेमतेम काढलेला, पण डावा खांदा असा उतरलेला की दुसरा कोणी असूच शकत नव्हता. मी विचारलं, चेहरा न काढता ओळखू कसा आला? त्या म्हणाल्या, "माणूस तोंडावरून कमी अन् उभं राह्यन्यावरून जास्त ओळखू येते."

त्या वर्षी आम्ही सहा शिक्षक मिळून पहिली-दुसरीच्या मुलांसाठी छोटी वाचनपुस्तकं करत होतो. छपाईचा भार एका संस्थेनं उचलला होता. गोष्टी आम्ही लिहिल्या होत्या. चित्रं मात्र कुठून कुठून गोळा केलेली. त्यातले बाबा ऑफिसला निघालेले, आई इस्त्रीच्या साडीत, आजोबा आरामखुर्चीत. आमच्या वर्गातल्या मुलांच्या घरी यातलं कोणीच राहत नव्हतं. मी ती चित्रं मावशींना दाखवली. त्यांनी सगळी पानं उलटली आणि विचारलं, "तुमच्या पुस्तकातले माणसं आत्ताच आंघोय करून आल्यावानी काहून दिसतेत?"

दुसऱ्या आठवड्यापासून त्याच आमची चित्रं काढायला लागल्या. पापण्यांवर पीठ बसलेली गिरणीवाली आली. मळणीयंत्रात हात गेल्यावर उरलेल्या एका हातानं ट्रॅक्टर चालवणारा माणूस आला. बांगड्यांची पेटी डोक्यावर घेतलेले चाचा आले, आणि लंगडत घरोघरी जाणाऱ्या अंगणवाडीच्या बाई आल्या. बसमधल्या कंडक्टरबाईंच्या चित्रात त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. मी म्हटलं, मुलांसाठी आहे, थोडं हसू दाखवा ना. मावशींनी पेन खाली ठेवलं. "साठ माणसं कोंबलेल्या गाडीत तिकिटं देता देता कोनी हासते काय, मॅडम?" मग मी तसं सांगणं सोडून दिलं. मुलं मात्र ती पानं बोटानं चाचपून पाहायची. हा आमच्या मामासारखा आहे, ही तर आमचीच काकू, असं वर्गभर चालायचं. वर्षभर अक्षराला हात न लावणारी दोन मुलं चित्राखालचं नाव वाचायचं म्हणून अक्षरं जुळवू लागली.

त्यातल्या एका पुस्तकाचं नाव होतं 'वाट पाहणारी माणसं'. सातव्या पानावर बसची वाट पाहणारी एक मुलगी होती. मांडीवर पुस्तक, एका हातात पाण्याची बाटली, तोंडावरची ओढणी नुकतीच खाली घेतलेली. ओठांभोवती आणि बोटांवर पांढरे डाग होते. कोड. मावशींनी ते कुठलाही भर न देता काढले होते, जसे एखाद्याच्या गालावर तीळ काढावेत. त्या सगळ्या पुस्तकात मला ते पान सर्वांत आवडलं. ही कोण, असं मी विचारलंही होतं. "रोज येते गाडीसाठी. नाव नाही ठाव," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मी पुढं काही विचारलं नाही. ती चूक एकट्या मावशींची नव्हती, हे मी आधीच सांगून ठेवते.

छपाईआधी नमुन्याच्या तीस प्रती मुलांना आठवडाभर घरी दिल्या होत्या. तिसऱ्याच दिवशी दुसरीतल्या एका मुलीनं ते पुस्तक आजीला वाचून दाखवलं आणि सातव्या पानावर बोट ठेवून सांगितलं, ही आपली वैष्णवीताई. वैष्णवी शाळेच्याच गावची, देवरावांची मुलगी, वाशिमला नर्सिंग शिकत होती. गावातून मालेगावपर्यंत जीपनं यायची आणि तिथून बस धरायची. घराबाहेर पडताना ती ओढणी नाकापर्यंत बांधायची. फक्त स्टँडवर, ओळखीचं कोणी नसताना, पाणी पिण्यापुरती खाली घ्यायची. मावशींनी नेमका तोच क्षण उचलला होता. कोणीतरी त्या पानाचा फोटो काढून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. रविवारी वैष्णवीला पाहायला रिसोडकडचे पाहुणे येणार होते आणि घरच्यांनी कोडाचं त्यांना अजून सांगितलं नव्हतं. मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

गुरुवारी मी फळ्यावर लिहीत असताना देवराव त्यांच्या भावाला घेऊन वर्गात आले. त्यांनी पुस्तक टेबलावर टाकलं. मुख्याध्यापकांनी आम्हाला कसंबसं ऑफिसमध्ये नेलं. तिथं भाऊच जास्त बोलत होता. गटशिक्षण कार्यालय, पोलीस ठाणं, सगळं त्यानं काढलं. देवराव एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. "माह्या पोरीले गावासमोर उघडी पाडली तुमी." शेवटी त्यांनी विचारलं, हे काढलं कोणी? मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, चित्रं बाहेरून आली आहेत, कोणी काढली ते मला सांगता येणार नाही. त्या वेळी मला वाटलं की मी मावशींना वाचवतेय. परतीच्या जीपमध्ये बसल्यावर कळलं की वाचवत मी स्वतःला होते. सगळ्या प्रती जाळायच्या आणि उद्या नाव सांगायचं, एवढी मुदत देऊन ते दोघं गेले.

मालेगावला उतरले तेव्हा मावशींच्या पुढ्यात संध्याकाळची गर्दी होती. गर्दी ओसरेपर्यंत मी बाजूला उभी राहिले आणि मग सगळं सांगितलं. मी तुमचं नाव घेतलं नाही, तुम्हीही कोणाला काही सांगू नका, असंही म्हणाले. मावशी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या नीट लावत राहिल्या. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पोलिसांबद्दल नव्हता. "नाव काय हाये तिचं?" वैष्णवी, मी म्हणाले. त्यांनी उरलेल्या भाजीवर गोणपाट टाकला, रसवंतीवाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं आणि उठल्या. "चाला. तिच्या घरी जाऊ." मी नको म्हणत होते. त्या तोवर जीपपर्यंत पोचल्या होत्या.

ऊन उतरलं होतं. देवरावांच्या अंगणात सोयाबीनची पोती रचलेली होती आणि दोघं भाऊ बाजेवर बसले होते. आम्हाला पाहून देवराव उठून उभे राहिले. मावशींनी कोणी बसा म्हणायची वाट पाहिली नाही. "थे चित्र म्या काढलं. या मॅडमचा त्याच्यात काही हात नाही." मला मान खाली घालावी लागली. भाऊ उठून अगदी जवळ आला आणि विचारू लागला की दुसऱ्याच्या पोरीचं तोंड चव्हाट्यावर मांडायचा अधिकार तुला दिला कोणी. मावशी मागे सरकल्या नाहीत. "कोनी नाही देला. मी चुकलो. इचाराले पाह्यजे होतं."

"मंग मले काहून नाही इचारलं?" देवराव म्हणाले.

"तुमाले नाही. तिले."

दारात वैष्णवी उभी होती, ओढणी नाकापर्यंत. तिच्या आईनं पाण्याचा तांब्या आणून मावशींपुढे ठेवला. देवरावांचा आवाज जरा खाली आला. ते म्हणाले की चित्र राहू द्या, फक्त डाग काढून टाका, म्हणजे गावाला सांगता येईल की ती आमची नव्हेच. मला वाटलं, सुटलो. एवढं तर सहज करता येईल. पण मावशींनी नकारार्थी मान हलवली. "पान फाडून टाकतो. डाग नाही पुसत. डाग पुसले त थे दुसरीच कोनी होते, अन् लेकराइले वाटन का हिले लपवाले पाह्यजे होतं."

"निंगा इथून," देवराव म्हणाले. आम्ही निघालो. मावशी त्या तांब्यातलं पाणी मात्र प्यायल्या, उभ्यानंच, आणि रिकामा तांब्या त्यांनी वैष्णवीच्या आईच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी मावशी पहिल्यांदाच आमच्या शाळेत आल्या. आम्ही तीसच्या तीस प्रती गोळा केल्या. मावशींनी ब्लेडनं एकेक सातवं पान कापलं आणि खिचडीच्या चुलीत टाकलं. गावातले चार-पाच जण फाटकात उभे राहून पानं मोजत होते. मुलं ओळीनं पाहत होती. एकानं मला विचारलं की ताईनं काय केलं म्हणून तिचं पान जाळलं? मी त्याला जागेवर बसायला सांगितलं.

रविवारचा दिवस मी वाशिमला घरी काढला, फोन जवळ ठेवून. सोमवारी शाळेत कळलं. पाहुण्यांच्या मोबाइलवर तो फोटो आधीच पोचला होता. मुलाच्या आत्यानं ओढणी काढायला सांगितली, तेव्हा वैष्णवी आत गेली, क्रीम लावलेलं तोंड साबणानं धुतलं आणि तशीच येऊन बसली. पाहुण्यांनी चहा घेतला आणि गेले. पुन्हा निरोप आला नाही.

सगळा राग मावशींवर निघाला. आमच्या गावच्या लोकांनी त्यांच्याकडून भाजी घेणं बंद केलं. एका दुपारी देवरावांच्या भावानं भर स्टँडवर त्यांच्या टमाट्याच्या टोपलीला लाथ मारली. टमाटे पार बसच्या चाकांखाली गेले. मावशींनी जेवढे सापडले तेवढे गोळा केले आणि पदरानं पुसून पुन्हा मांडले. तक्रार करा असं मी सुचवलं, तर म्हणाल्या की त्याच्या पुतणीचं लग्न मोडलं, माझे तर टमाटेच गेले. पण त्या दिवसांत एक गोष्ट बदलली. कॅलेंडरची पानं वजनाखाली कोरीच राहू लागली. गिऱ्हाईक आलं की मावशी आता तराजूकडे पाहायच्या. एकदा मी विचारलं तेव्हा त्यांनी हाताचं बोट न बोट उघडून-मिटून दाखवलं. "हात चालते. डोये नाही चालत. कोनाकडे पाहाचं म्हटलं का भेव वाटते." आमची पुस्तकं अर्ध्यावर अडली. संस्थेनं दुसरा चित्रकार पाहायचं सुचवलं. मी आज-उद्या करत राहिले.

वैष्णवी रोज स्टँडवर यायची. मावशींच्या समोर नाही, रस्त्याच्या पलीकडे उभी राहायची. दोघी एकमेकींना दिसत होत्या आणि दोघी पाहत नव्हत्या. असे दोन-अडीच महिने गेले. मग एका सकाळी, मी बसमधून उतरतच होते, वैष्णवी रस्ता ओलांडून आली. तोंडावर ओढणी नव्हती. तिनं टमाट्याचं रिकामं कॅरेट उपडं केलं आणि मावशींसमोर बसली.

"मावशी, मले काढा."

मावशींनी हातातलं माप खाली ठेवलं. बापाला माहीत आहे का, असं त्यांनी विचारलं. वैष्णवी म्हणाली, "नाही. पन तोंड माह्यं हाये."

मावशींनी पान घेतलं. पहिल्या दोन रेघा वाकड्या आल्या. त्यांनी पान पालटलं. हळूहळू लोक जमले. रसवंतीवाला आला, रिक्षावाले आले, अकोल्याच्या गाडीतले प्रवासी खिडकीतून डोकावू लागले. वैष्णवी ताठ बसली होती. तिची बस आली आणि गेली. एका माणसानं मोबाइल वर करून तिच्यावर धरला. मावशींनी पानावरून नजर न काढता त्याला विचारलं, "तिले इचारलं काय?" आवाज मोठा नव्हता. त्या माणसानं मोबाइल खिशात घातला आणि गर्दीत मागे सरकला.

चित्र झाल्यावर वैष्णवीनं ते हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाली की नाक जरा मोठं झालं. मावशी म्हणाल्या, "मोठंच हाये." त्या दोघी हसल्या.

तेच चित्र सातव्या पानावर गेलं आणि पुस्तक छापलं गेलं. देवरावांनी मावशींशी बोलणं कधीच सुरू केलं नाही. पण शाळेतही पुन्हा कोणी आलं नाही. मावशी पुन्हा पाहू लागल्या, पुन्हा काढू लागल्या. फरक इतकाच झाला की त्या आता आधी विचारायच्या. कोणी नको म्हटलं तर पेन ठेवून द्यायच्या. हो म्हटलं तर काढायच्या आणि पानाच्या कोपऱ्यात नाव लिहून पुढं लिहायच्या, 'इचारलं.' माझी बदली कारंजा तालुक्यात धनजकडे झाली, त्या दिवशी त्यांनी मलाही विचारलं. मी उभी राहिले. चित्रात मी पर्स दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. मी तशी उभी राहते हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्यानंतर दोनदाच भेट झाली. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. सकाळी मळ्यात भाजी काढता काढताच मावशी खाली बसल्या आणि उठल्या नाहीत. समोर वर्ग बसला होता. मी मुलांना पाढे म्हणायला लावले आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. चार दिवसांनी घरी गेले तेव्हा त्यांच्या सुनेनं कापडात बांधलेला चित्रांचा गठ्ठा माझ्या हवाली केला. याचं काय करायचं ते तुम्हालाच कळेल, असं ती म्हणाली.

गठ्ठ्यात पन्नास-साठ माणसं होती, आणि बहुतेक प्रत्येकाच्या कोपऱ्यात 'इचारलं'. एक पान मात्र मी हातातून खाली ठेवू शकले नाही. त्यावर देवराव होते, त्या संध्याकाळचे, अंगणात उभे. मला त्यांचा तो चेहरा संतापलेला म्हणूनच आठवत होता. चित्रात त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याची दोन्ही टोकं मुठीत घट्ट धरली होती, गुडघे सैल पडले होते, आणि ते आमच्याकडे पाहतच नव्हते. त्यांची नजर दारात उभ्या असलेल्या मुलीवर होती. खाली लिहिलं होतं, 'वैष्णवीचा बाप. इचाराचं हाये.'

ते पान महिनाभर माझ्या कपाटात राहिलं. मग एका सुट्टीच्या दिवशी मी ते घेऊन गेले. देवराव बाजेवर एकटेच होते, केस पूर्ण पिकलेले. मी काही विचारायच्या आतच त्यांनी सांगितलं की वैष्णवी अकोल्याला दवाखान्यात नर्स आहे आणि लग्नाचं ती स्वतः ठरवणार आहे. मी पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला.

"असा उभा होतो मी?"

मी म्हणाले, असालच. मी नीट पाहिलं नव्हतं.

"लय भेव वाटून राह्यलं होतं मॅडम त्या दिवशी," ते म्हणाले. "तुमाले वाटलं असन, हा माणूस मारते का काय. मले पोरीचं भेव वाटत होतं. इचं पुढं कसं व्हनार."

मी खालचे शब्द दाखवले. मावशींचं विचारायचं राहून गेलं होतं, म्हणून मी आले होते. आम्ही आता मुलांसाठी वडिलांवरचं एक पुस्तक करतोय, तुमची हरकत नसेल तर हे त्यात घेऊ, असं मी सांगितलं. देवरावांनी पान गुडघ्यावर सपाट केलं. त्यांचं बोट मावशींच्या अक्षरांवर जाऊन थांबलं.

"माही हरकत नाही," ते म्हणाले. "पन याच्यात नाव वैष्णवीचं हाये. तिले इचारा लागन."

आणि त्यांनी खिशातून फोन काढून स्वतःच तिचा नंबर लावला.